रेम्ब्रँटचं कटाचं चित्र पडवीत कसं उभं करायचं

गणपतीत सजीव देखावा म्हटला की अफझलखान, आमच्या वाडीत सहा वर्षं तोच झाला. गेल्या वर्षी म्हटलं दगाफटकाच दाखवायचा तर दुसरा दाखवू आणि डच चित्रकार रेम्ब्रँटचं, रोमविरुद्ध बंड करणाऱ्या क्लॉडियस सिव्हिलिसचं चित्र घेतलं. मालवणच्या पावसात एका पडवीत जमलं, तुम्हालाही जमेल, फक्त लाईट चुकवू नका.

आधी पोरांना गोष्ट सांगा, नाहीतर उभी राहून हसतात. ऱ्हाईन नदीच्या मुखाजवळचे, म्हणजे आजच्या नेदरलँड्समधले बटाव्हियन लोक, सिव्हिलिस त्यांचाच, रोमला कर द्यायचे नाहीत पण फौजेला पोरं पुरवायचे. इ.स. ६९ मध्ये जबरदस्तीची भरती सुरू झाली, म्हातारे-आजारी धरायचे आणि पैसे घेऊन सोडायचे. सिव्हिलिसने रोमच्या छावणीत २५ वर्षं काढलेली, त्याच्या भावाला खोटा आळ घेऊन मारलं, ह्याला बेड्या घातल्या. मग ह्याने जेवणाच्या निमित्ताने सरदारांना देवराईत बोलावलं (हो, देवराईच, आपल्यासारखी) आणि रात्री सगळ्यांना बंडाची शपथ घातली (चित्रात हाच क्षण आहे), आणि वरवर मात्र मी रोमच्या गादीसाठी लढणाऱ्या व्हेस्पासियनच्या बाजूचा म्हणून रोमनांना झुलवत राहिला.

चित्र १६६१-६२ चं, अॅमस्टरडॅमच्या टाऊन हॉलसाठी, मूळ साधारण साडेपाच मीटर उंच. लावलं आणि थोड्याच महिन्यांत रेम्ब्रँटकडे परत आलं, मग ते कापलं गेलं, आता स्टॉकहोमला आहे तो तुकडा १९६ बाय ३०९ सेंटीमीटर. वाईट वाटतं, पण आपल्या पडवीला तेवढाच बसतो!

आता लाईट. चित्रात दिवा कुठेच दिसत नाही, उजेड टेबलावरून येतो आणि पुढे पाठमोरे बसलेले लोक तो अडवतात. म्हणून वरून फोकस अजिबात मारू नका, आम्ही पहिल्या दिवशी मारला आणि सगळं लग्नाच्या स्टेजसारखं दिसलं. लांब टेबलावर पांढरी चादर घाला, पाठमोऱ्या माणसाच्या आड पिवळ्या उजेडाचे दोन एलईडी बल्ब आडवे ठेवा, चादरीवरून उजेड उडून चेहऱ्यांवर पडतो, बाकी पडवीतले दिवे बंद. मागे काळं कापड. पाठमोरा माणूस जाडा घ्या, आमचे काका त्यासाठीच घेतलेले आणि त्यांना ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

सिव्हिलिस मधोमध नको, थोडा डावीकडे. मुकुट उंच, पुठ्ठ्याचा, दशावतारातला आणू नका, लोकांना लगेच संकासुर आठवतो. तो एका डोळ्याने आंधळा होता, आणि असा माणूस काढायचा तर बाजूने काढून डोळा लपवायची रीत होती, रेम्ब्रँटने सरळ समोर बसवला. तर तुम्हीही लपवू नका, कातडीच्या रंगाचं पातळ कापड पापणीवर चिकटवा आणि वर मेकअप करा, डिंक डोळ्यात जाऊ देऊ नका.

तलवारी प्लायवूडच्या, चांदीचा कागद लावून, सगळ्यांची टोकं त्याच्या तलवारीला टेकलेली. दोन मिनिटांत हात थरथरायला लागतात, म्हणून टोकं तंगुसाने वरच्या वाशाला बांधा, अंधारात दिसत नाही. एकाच्या हातात पेल्याऐवजी पसरट वाडगा द्या.

वायर जमिनीवर सोडू नका, भाद्रपदात पडवीला ओल येते, एक्स्टेन्शन बोर्ड लाकडी स्टुलावर.

निवेदन मात्र कमी ठेवा. आम्ही माइकवर एवढंच बोललो, कोणी २५ वर्षं कोणाची चाकरी केली आणि कोणी कोणाचा भाऊ मारला. गद्दार कोण ते सांगितलं नाही. आरतीनंतर प्रसाद खाता खाता त्यावरून दोन वहिनींची अशी जुंपली की नैवेद्याचं पातेलं तसंच राहिलं.