आपल्या मोहल्ल्याचा इतिहास कसा काढायचा (मोरारवाल्यांसाठी, पण लष्करवाल्यांनीही वाचा; दोन्ही ग्वाल्हेर शहराचेच भाग)

मागच्या वर्षी गणपतीच्या स्मरणिकेसाठी माझ्या गळ्यात काम पडलं, "मोरारचा इतिहास, दोन पानं, भाऊ तूच लिही". मी काय केलं, एका रात्रीत शिंदे घराण्याची वंशावळ उतरवली, खाली किल्ल्याचा फोटो चिकटवला आणि दिलं पाठवून. आमच्या शेजारच्या काकूंनी वाचून एवढंच विचारलं, "यात मोरार कुठेय रे?" खरंच कुठेच नव्हतं. मग परत बसलो, तीन महिने लागले. तेव्हा जे उमगलं ते सांगतो, कुणाला आपल्या भागाबद्दल लिहायचं असेल तर वेळ वाचेल.

राजापासून सुरुवात करूच नका. आधी स्वतःला विचारा की घरं व्हायच्या आधी ही जमीन कशाच्या कामाची होती? शेत, छावणी, गिरणी, सरकारी क्वार्टर, काय? हे एकदा कळलं की अर्धं काम झालं, कारण रस्ते सरळ का किंवा वाकडे का, बाजार इथेच का, हे बरंचसं त्यावरूनच सुटतं.

पहिलं काम म्हणजे नावं गोळा करणं. वही घ्या, पायी फिरा, दुकानांच्या पाट्या वाचा. आपल्याकडे तर ही खाणच आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो तळ काही उठलाच नाही, त्याचंच शहर झालं, म्हणून नाव लष्कर. आता बाकीची नावं बघा. शिंदे की छावनी. कंपू, म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणायचे (आपण मराठीत "त्यांचा कंपू" म्हणतो ना, तोच हा). जिन्सी नाला, तर जिन्सी म्हणजे तोफखाना. हुजरात म्हणजे खुद्द सरकारच्या पदरची फौज. आणि माझं सगळ्यात आवडतं, निंबाळकर की गोठ, चिटनीस की गोठ. पाटीवर "गोठ" लिहिलेलं वाचून आमची मुलं म्हणतात इथे गाई बांधत असतील, पण तो आपला गोट आहे, "शत्रूच्या गोटात" मधला गोट, सरदाराचा तळ! हिंदीत जाता जाता ट चा ठ झाला. म्हणजे दीड किलोमीटर चाललात की अख्ख्या फौजेची मांडणी पायाखालून जाते आणि आपल्याला वाटतं आपण भाजी आणायला निघालोय. आपल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्यांना ही नावं मूळ उच्चारात येतात, त्यामुळे पाटी वाचलीत की घरी विचारून घ्या, नुसत्या पाटीवर जाऊ नका.

मोरारचं प्रकरण वेगळं. ही छावणी आपली नव्हे, इंग्रजांची. 1843 च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहारच्या लढाया आपण हरलो, मग 1844 चा तह, त्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ग्वाल्हेर कंटिन्जंट नावाची फौज वाढवली आणि तिचं ठाणं मोरारला. हीच कंटिन्जंट 14 जून 1857 ला बंड करून उठली. पुढच्या वर्षी 16 जूनला इंग्रज सेनापती ह्यू रोजनं मोरार परत घेतलं आणि त्यानंतर एकदोन दिवसांतच झाशीची राणी पडली, फूलबागेजवळची समाधी सगळ्यांना माहितीये. पण मोरार शिंद्यांना परत कधी मिळालं हे विचारा कुणाला, निम्मे लोक 1947 सांगतील. 1886 ला मिळालं, किल्ल्याबरोबर, झाशीच्या बदल्यात. तोवर छावणी इंग्रजांची, म्हणून मोरारच्या सदर बाजाराकडचे रस्ते सरळ नि चौकोनी, आणि लष्करात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं.

आता कागद. 1908 चं इंपीरियल गॅझेटियर आणि ल्युअर्डचं ग्वाल्हेर स्टेट गॅझेटियर, दोन्ही नेटवर फुकट मिळतात, पुस्तकच धरायचं असेल तर महाराज बाड्यावरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारा. पुढचं बघायला जनगणनेची जिल्हा पुस्तिका, दर दहा वर्षांची. 1901 ला मोरारची वस्ती 19 हजारांच्या आसपास होती. 2011 ला मोरार कँटोन्मेंटचीच 48 हजारांच्या वर, आणि महापालिकेची साडेदहा लाख. पण सांभाळा, 1901 च्या मोरारची आणि आजच्या कँटोन्मेंटची हद्द एक नाही, त्यामुळे "इतकी पट वाढ" असं लिहायचा मोह आवरा, मी लिहिलं होतं आणि खोडावं लागलं.

घरातली रजिस्ट्री (खरेदीखत) काढा, आजोबांची असेल तर उत्तम. शेजाऱ्यांच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात, "पूर्वेस खेत, पश्चिमेस नाला", बस, तेव्हा तिथे खेत होतं हा पुरावाच झाला. तारीख मात्र नीट बघा, रियासतीतले कागद विक्रम संवतात असतात. संवतातून 57 वजा करा, जानेवारी ते फाल्गुनातली तारीख असेल तर 56. मोडी कागद निघाला आणि वर "इसन्ने अशर मयातैन व अलफ" असलं काही दिसलं तर घाबरू नका, ते सुहूर सन आहे (जुन्या मराठी कागदांतली कालगणना, आकडे अरबी शब्दांत), 1212, त्यात 599 किंवा 600 मिळवा, आलं 1811-12. मोडी स्वतः वाचता येत नसेल तर वाचणारा गाठा, अंदाजानं लिहू नका.

यानंतर कारणं शोधा, लोक इथे आले ते कशामुळे. पाणी, गाडी, नोकरी, बहुतेक यातलंच एक. पाण्यासाठी तिघरा धरण बघा. गाडीसाठी दोन फुटी नॅरो गेज रेल्वे, घोसीपुऱ्याकडे थोडं फिरून या. नोकरी म्हटली की 1921 ची जे. सी. मिल (जियाजीराव कॉटन मिल) आणि तिच्यामुळे झालेलं बिर्लानगर, हजीऱ्याकडचं अख्खं जग तिच्या भोंग्यावर चालायचं. आणि 1948 ला मध्यभारत राज्य झाल्यावर ग्वाल्हेर हिवाळी राजधानी, इंदूर उन्हाळी, म्हणजे बाबू लोकांना क्वार्टर हवेत, थाटीपूर बघा. 1956 ला राजधानी भोपाळला गेली, पण बरीच मोठी ऑफिसं इथेच राहिली. माझ्या मते मोरार बाजूच्या वाढीत या फायलींचा वाटा तोफांपेक्षा जास्त आहे, लष्करवाले भांडतील, भांडू दे.

गेल्या वीस वर्षांसाठी गूगल अर्थ पुरतं, त्यात जुने फोटो बघायचं घड्याळाचं बटण आहे. दीनदयाल नगरपासून पिंटो पार्कपर्यंत वर्ष मागे सरकवत जा, घरं पुसत जातात नि शेतं येतात. आईला दाखवलं तर अर्धा तास मोबाइल परत मिळाला नाही.

म्हाताऱ्यांशी बोलताना "इतिहास सांगा" म्हणू नका, लगेच किल्ला नि तानसेन सुरू होतं. विचारा पाणी कुठून भरायचात, वीज कधी आली, शाळेत कुठल्या रस्त्यानं जायचात. सन चुकतात, पण "धाकटीच्या लग्नाच्या वर्षी" हे चुकत नाही, तेवढं धरून लग्नपत्रिका शोधायची. आणि "बाबा सांगायचे" असं जे असेल ते तसंच लिहा, फॅक्ट म्हणून ठोकू नका.

शेवटी छापायच्या आधी काकूंना वाचून दाखवा. आमच्या काकूंनी दुसऱ्या वेळी ऐकून विचारलं, "बरं, नि मोरार नदी कुठेय?" गावाच्याच नावाची नदी, आणि ती माझ्या दोन पानांत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून गेलो बघायला.