बचत गटाकडून माल घेताय? या चुका टाळा

पितृपक्ष लागला की माझा फोन सुरू होतो. "ताई, दिवाळीला ऑफिसात वाटायला गटाच्या बायकांकडून चारशे पिशव्या हव्यात." हेतू चांगलाच असतो, पण चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अ‍ॅडव्हान्स न देणं. गोवंडीतल्या एका गटाला मी अशीच ऑर्डर मिळवून दिली होती. ४०० पिशव्या, नगाला १४० रुपये, एकूण ५६,०००. ऑर्डर देणारा मुलगा धंद्यात नवा. "माल हातात आला की पैसे," म्हणाला आणि मी ते मान्य केलं. कापड, अस्तर, चेन मिळून २६,००० लागणार होते. मंगलदास या कापडाच्या मार्केटात अनोळखी गटाला उधारी कोण देणार? बायकांनी भिशीचे पैसे काढले. निम्मा माल शिवून झाल्यावर लोगोचा रंग बदलला. तरी माल वेळेवर पोचला. पैसे आले ते होळीला, कारण त्याला पुढून मिळाले नव्हते. मधल्या काळात जिची भिशी लागायची होती, तिने मुलीची फी व्याजाने पैसे काढून भरली. तिच्या घरी जायला मला तोंड उरलं नव्हतं.

वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या न्याय्य व्यापारासाठीच्या जागतिक संघटनेच्या तत्त्वांप्रमाणे हस्तकलेच्या ऑर्डरीला, मागितल्यास, किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. गटाच्या बायका मागत नाहीत; ऑर्डर जाईल ही भीती असते. म्हणून मीच मागते. निम्मे पैसे जमा झाल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. गटाची उद्यम नोंदणीही (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मी आधी करून घेते, कारण लहान-मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने मग लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस.

भाव ठरवतानाची घाई मला सर्वात खुपते. "बाजारात ९० ला मिळते," म्हणून सुरुवात होते. एक दिवस गटात जाऊन बसा. सगळ्यात चपळ बाईकडे नको, मधल्या हाताच्या बाईकडे बघा: दिवसात तिच्या किती पिशव्या होतात? दोरे कापणं, इस्त्री, पॅकिंग, लाइट बिल, रिक्षा, सगळं धरा. त्यातून आठ तासांची धड मजुरी सुटत नसेल तर तो भाव चुकीचा आहे. एवढा एक दिवस ज्याला काढता येत नाही, त्याला मी ऑर्डर देऊ नका असंच सांगते.

'फेअरट्रेड' हे न्याय्य व्यापाराचं चिन्ह मालावर परवान्याशिवाय छापू नका; तुम्ही भाव चांगला दिलात तरी नाही.

पिशवीवर छापायला वारलीचं चित्र नेटवरून उचलू नका. त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे आणि काढणारे हात डहाणू-तलासरीत आहेत.

बायकांचे केविलवाणे फोटो टाकून 'मदत करा' म्हणू नका. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, ते पापड विकून उभं राहिलं.

आणि दिवाळीचा माल हवा असेल तर आषाढात या. तेव्हा गटाच्या हाताला काम नसतं, सॅम्पल दोनदा बदललं तरी चालतं, आणि रात्री जागून शिवावं लागत नाही.