इथेनॉल आणि खनिज तेल यांचा पर्यावरणीय हिशेब कसा मांडावा

इथेनॉल चांगले की तेल, असा सरसकट प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. इथेनॉल कोणत्या पिकापासून, कोणाच्या पाण्यावर तयार झाले आणि ते कोणत्या तेलाची जागा घेणार आहे, हे आधी नक्की करावे.

तुलना लिटरला लिटर लावून करू नये. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे ई-२० इंधनाच्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) एका लिटरमधले २०० मिलिलिटर इथेनॉल जेमतेम १३० मिलिलिटर पेट्रोल वाचवते. तेवढे पेट्रोल जळताना सुमारे ३०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि इथेनॉलची जमेची बाजू इथून मोजायला सुरुवात करावी. त्यातून युरियाचे उत्पादन, शेतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू, पंपाची वीज आणि ऊसवाहतुकीचे डिझेल वजा करावे. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या आसवनीत, म्हणजे इथेनॉलच्या कारखान्यात, ही वजाबाकी कमी होते. मक्याची आसवनी कोळशावर चालत असेल, तर बराचसा लाभ बॉयलरमध्येच संपतो.

सर्वाधिक काळजी पाण्याच्या हिशेबात घ्यावी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार एक टन उसापासून ७० लिटर इथेनॉल मिळते आणि एका लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. म्हणजे त्याच २०० मिलिलिटरसाठी सुमारे ५७० लिटर. काढता येईल तेवढी साखर काढून घेतल्यावर उरलेल्या सी-हेवी मळीचे इथेनॉल असेल, तर ऊस मुळात साखरेसाठीच पिकलेला असल्याने पाण्याचा मोठा वाटा साखरेच्या नावे टाकणे न्याय्य ठरते. थेट रसाच्या इथेनॉलला ही सवलत देता येत नाही. शिवाय पाणी कुठले, हेही पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तिथल्या बोअरवेलवर वाढलेल्या उसाच्या रसाचे इथेनॉल, कार्बनचा आकडा काहीही सांगो, पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. इथेनॉलच्या लिटरमागे आठ ते पंधरा लिटर निघणारे स्पेंट वॉश, म्हणजे आसवनीचे सांडपाणी, आसवनी जाळते की ते ओढ्यात जाते, याचीही चौकशी करावी.

तेलाच्या बाजूला रोजचे नुकसान आणि अपघात वेगळे लिहावेत. विहिरीतून तेलासोबत येणारे खारे, तेलकट पाणी आणि जाळून टाकला जाणारा वायू हे रोजचे. मे १९९३ मध्ये मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्रापासून उरणला येणारी तेलवाहिनी फुटून झालेली गळती किंवा २०१० ची मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरीची दुर्घटना हे अपघात, ज्यांची वार्षिक सरासरी काढली की त्यांचे खरे स्वरूपच दिसेनासे होते. मात्र भारत ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे इथे वाचलेल्या पेट्रोलने मुंबई हायची विहीर बंद पडत नाही, आयात घटते. म्हणून या रकान्यात परदेशातील उपसा आणि जहाजवाहतूक धरावी.

शेवटी ३०० ग्रॅम आणि ५७० लिटर यांची बेरीज करून एकच गुण देऊ नये. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी व प्रत्येक कच्च्या मालासाठी ते नव्याने काढावेत.