तिवराच्या पानातल्या लवणग्रंथी: नमुना बनवताना या चुका टाळा

ठाणे खाडीकाठी दुपारच्या उन्हात तिवराच्या (ही एक खारफुटी) पानावर मिठाचे कण चमकतात. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे म्हणून मी पानाचे तुकडे रीतसर ग्लुटाराल्डिहाइड या फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या द्रावणात) टाकले, चार दिवस खपलो, आणि पडद्यावर कणभरही मीठ नाही! असणार कुठून? फिक्सेटिव्ह पाण्यातलं, मीठ त्यात केव्हाच विरघळलं.

तेव्हा मीठ बघायचंय की ते बाहेर टाकणारी ग्रंथी, हे आधी ठरवा. एकाच तुकड्यात दोन्ही मिळत नाहीत. मिठासाठी पान न धुता नुसतं सुकवा. पेशी आक्रसल्या तरी चालतील. ग्रंथीसाठी मात्र आधी पान धुवा, नाहीतर खळग्यातलं मीठ तिला झाकून टाकतं.

ग्रंथी शोधणारे हमखास फसतात ते पानाच्या खालच्या बाजूला. तिथली रुपेरी लव म्हणजे दाट केसांचं रान. ग्रंथी त्याच्या बुडाशी. वरच्या बाजूच्या ग्रंथी खळग्यात असल्या तरी उघड्या असतात, सुरुवात तिथून करा. खालचीच हवी असेल तर अल्कोहोलमधला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तोडा आणि तुटलेली कड बघा.

टीईएमसाठी (पातळ कापातून आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) तुकडा १ मिमीचा, नव्या ब्लेडने कापलेला. क्युटिकल (पानाचं मेणचट आवरण) जाड, आत हवा; तुकडे तरंगत राहिले तर व्हॅक्यूम द्या, बुडेपर्यंत. पेशीपटल फाटलेलं दिसलं की लोक ब्लेडला दोष देतात. बहुतेकदा दोष बफरचा (फिक्सेटिव्ह ज्यात मिसळतात त्या द्रावणाचा) असतो: खारफुटीच्या पेशीतला रस दाट, नेहमीचं बफर तिला पातळ पडतं आणि पेशी फुगून पटलं फाटतात. बफरमध्ये सुक्रोज घालून बघा. उलट, पटल भिंतीपासून सुटून आत ओढलं गेलं असेल तर सुक्रोज जास्त झालंय. फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम मिसळू नका. काळे दाणे पडतात आणि आपण त्यांना लवणाचे साठे समजून बसतो.

एसईएममध्ये (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) ग्रंथी चेपलेल्या दिसल्या तर बहुधा क्रिटिकल पॉइंट ड्रायरमध्ये (अल्कोहोलच्या जागी द्रव कार्बन डायऑक्साइड भरून नमुना न आक्रसता सुकवणाऱ्या यंत्रात) अल्कोहोल उरलंय. द्रव कार्बन डायऑक्साइडने आणखी वेळा धुवा.

पावसाळ्यात मिठाचे नमुने टेबलावर ठेवू नका. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाझरतं. जुलैत सकाळचे स्फटिक संध्याकाळी थेंब झालेले असतात. सिलिका जेलचा डबा, घट्ट झाकण.