खाद्य तुसात नको, पोटात जाऊ द्या: नागपूरकडच्या कुक्कुटपालक आणि वराहपालकांसाठी

कोंबडीपालनात शंभर रुपये खर्च झाले तर त्यातले ६५-७० रुपये खाद्याचे असतात. वराहपालनाचं गणितही फार वेगळं नाही. तरी किती पिल्लं मेली हे आपल्याला तोंडपाठ असतं आणि खाद्य किती गेलं ते मात्र अंदाजाने सांगतो. म्हणून पहिलं काम वहीचं.

आठवड्यातून एकदा, सकाळी खाद्य टाकण्याआधी, शेडच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून मिळून ५० पक्षी तोला. त्यांच्या सरासरीला शेडमधल्या पक्ष्यांच्या संख्येने गुणलं की एकूण वजन मिळतं. तोवर लागलेलं एकूण खाद्य भागिले हे एकूण वजन, हा झाला एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य. १,००० ब्रॉयलर सरासरी २ किलोला निघाले आणि ३,४०० किलो खाद्य लागलं, तर एफसीआर १.७. त्यातलं ५ टक्के जरी सांडलं असेल, तरी ५० किलोची तीन पोती आणि वर २० किलो गेलं.

सांडतं का, हे आजच बघा. फीडरखालचं, जमिनीवर अंथरलेलं मूठभर तूस उचला आणि तळहातावर हलकेच फुंका. तूस उडतं, मक्याचे पिवळे कण हातावर राहतात. कण दिसले तर फीडर खाली टांगलाय किंवा जास्त भरलाय. फीडरचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत हवा. पिल्लं वाढतील तशी दर तीन-चार दिवसांनी दोरी वर घ्या आणि फीडर एक तृतीयांशच भरा. सुरुवातीला पक्षी उपाशी राहू नयेत म्हणून मी फीडर काठोकाठ भरायचो. ती माया तुसातच जायची.

आता आपला खरा प्रश्न, उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त धापा टाकते. त्यात खाल्लेलं पचवताना अंगात आणखी उष्णता तयार होते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेली कोंबडी भर दुपारी आतूनही तापते आणि बाहेरूनही. म्हणून पहाटे चारपासून नऊपर्यंत खायला द्या, दहाच्या आत फीडर वर ओढून घ्या आणि ऊन उतरल्यावर, पाचनंतर खाली सोडा. पाणी मात्र क्षणभरही बंद नको. दुपारी ड्रिंकरमध्ये बोट बुडवून पाहा. पाणी कोमट लागलं तर पक्षी ते पीत नाही, आणि प्यायला नाही तर खातही नाही. टाकी सावलीत घ्या, तिला ओलं बारदान गुंडाळा. कोरड्या मे महिन्यात फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडणारं यंत्र, चांगलं काम करतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच त्रासदायक ठरतो, तेव्हा पंख्यांवर भर द्या.

खाद्य घरी बनवत असाल तर विदर्भात कच्चा माल दाराशी आहे. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलची कणी मक्याच्या काही वाट्याची जागा घेऊ शकते. पण तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. घरचं कच्चं सोयाबीन कोंबडीला किंवा डुकराला देऊ नका, त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही. नीट भाजलेलं किंवा सोयाबीनची ढेप चालते. गुरांची सरकी ढेप इथे वापरू नका, तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकाचा दोघांनाही अपाय होतो. आणि मक्यात ओलावा १२-१३ टक्क्यांवर नको. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, ऊन दाखवून जात नाही, त्यामुळे बुरशीचा मका चांगल्यात मिसळून ‘संपवणं’ म्हणजे सगळाच माल बिघडवणं. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

मिश्रणाचं प्रमाण ऐकीव नको. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषणशास्त्राचा विभाग आहे, तिथल्या जाणकारांना विचारा. दोन प्रश्न नक्की विचारा: लायसिन-मिथिओनिन ही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) घालून ढेप थोडी कमी करता येईल का, आणि फायटेज हे पाचक एन्झाइम किती घालू? धान्यातला बराचसा फॉस्फरस पक्ष्याला किंवा डुकराला स्वतःहून पचत नाही. फायटेजने तो मोकळा होतो, वरून कमी घालावा लागतो आणि विष्ठेतूनही कमी बाहेर पडतो. वाढीसाठी अँटिबायोटिक घालू नका. त्यातल्या कोलिस्टिनवर तर २०१९ पासून बंदीच आहे.

डुकरांचा एफसीआर साधारण ३ च्या आसपास, म्हणजे त्यांच्या गव्हाणीत सांडणं आणखी महाग. हॉटेल-मेसचं उरलेलं अन्न स्वस्त पडतं, पण ते ढवळत तासभर चांगलं उकळल्याशिवाय देऊ नका, आणि त्यात डुकराचं मांस असण्याची शंका जरी आली तरी ते घेऊच नका. अशा मांसातून पसरू शकणाऱ्या, २०२० मध्ये देशात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या आजारावर औषध नाही. एका बादलीपायी अख्खा कळप जाऊ शकतो.

पक्ष्यांचा लॉट विकून निघाला की विष्ठा मिसळलेलं तूस उरतं. काटोल-नरखेडच्या संत्राबागांना ते उत्तम, पण ताजं घातलं तर मुळं जळतात. सावलीत ढीग लावा, पाणी शिंपडून अधूनमधून खालीवर करा, आणि आतली वाफ निवून मातीचा वास येईपर्यंत कोणाला देऊ नका. गेलेल्या ट्रॉल्याही त्याच वहीत मांडा.