साकेची तुलना करताना या चुका टाळा

साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू. तिच्या चार बाटल्या मांडल्या की पहिली चूक लेबल वाचतानाच होते. त्यावरचा ५० टक्के हा आकडा तांदूळ घासल्यावर किती उरला ते सांगतो. गिन्जो या प्रकारासाठी ६० टक्के किंवा त्याहून कमी, दाइगिन्जो या प्रकारासाठी ५० किंवा त्याहून कमी. पण हे परीक्षेतले गुण समजू नका. दाण्याच्या बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि चरबी गेली की केळ्या-सफरचंदाचा सुगंध खुलतो, तशी तांदळाची भरदार चव मात्र उतरते. मला तर जेवणासोबत कमी घासलेल्या तांदळाची जुनमाईच, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके, जास्त आवडते. होन्जोझो या प्रकारात थोडं अल्कोहोल वरून घालतात, तीही भेसळ नाही. त्यानं वास उठावदार होतो आणि चव हलकी.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सगळ्या बाटल्या फ्रीजमधून काढून तशाच ओतल्यामुळे. किमोतो आणि यामाहाई पद्धतीच्या साकेत लॅक्टिक आम्ल नैसर्गिकरीत्या तयार होऊ देतात. ५ अंशांवर ती नुसती आंबट-तुरट लागते. तीच ४० ते ४५ अंशांवर चाखा: आंबटपणा मवाळ होतो, गोडवा पुढे येतो. म्हणून ‘आवडली नाही’ म्हणण्याआधी तीच साके थंड आणि कोमट अशी दोनदा ओता. गॅस बंद करून गरम पाण्यात टोक्कुरी (साकेची छोटी सुरई) ठेवा, थर्मामीटर लावा. नाजूक दाइगिन्जो मात्र कढत करू नका, सुगंध उडून जातो. १० अंशांच्या आसपास ती छान बोलते.

एका वेळी एकच फरक ठेवा. एकाच कारखान्याची जुनमाई आणि होन्जोझो, किंवा जपानमधल्या नाडा भागातल्या कठीण (जास्त खनिजांच्या) पाण्याची आणि क्योटोतल्या फुशिमीच्या मऊ पाण्याची साके शेजारी ठेवली तर जिभेला काहीतरी सापडतं. हलकी आधी, गढूळ निगोरी आणि पाणी न घातलेली गेन्शू शेवटी. गेन्शूत अल्कोहोल १७ ते २० टक्के असतं, तिच्यानंतर बाकीच्या पाणचट वाटणारच. मधे साधं पाणी प्या. खोलीत उदबत्ती किंवा अत्तर नको.

पिवळसर रंग दिसला तर आधी प्रकार बघा. मुरवलेल्या कोशूचा तो रंगच आहे. ताज्या गिन्जोला तो आला असेल आणि कुबट वास येत असेल, तर बाटलीला उष्णता किंवा ऊन लागलंय. पाश्चराइझ न केलेली नामाझाके दुकानात फ्रीजबाहेर ठेवलेली दिसली तर घेऊच नका.