गाडी पाहायला जाण्याआधी टेप हातात घ्या

मी अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे. मणक्याला मार लागल्यापासून कमरेखालचं काही जाणवत नाही, हातांत मात्र ताकद आहे. कुणी मला कोणती गाडी घ्यावी असं विचारलं, की मी गाडीचं नाव सांगत नाही. आधी विचारते, तुम्ही गाडीत बसता कसे? स्वतः सीटवर सरकता, कुणी उचलून बसवतं, की खुर्चीसकटच आत जाणार? पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

सरकून बसणार असाल, तर पहिला प्रश्न सीटच्या उंचीचा. तुम्ही खुर्चीत बसलेले असताना, म्हणजे गादी दबलेली असताना, जमिनीपासून गादीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. माझं ५० सेंटिमीटर भरतं. गाडीची सीट याच्या चार-पाच सेंटिमीटर वर-खाली असली तर चालतं, त्यापलीकडे हातांवर भार येतो. बुटक्या गाडीत जाताना सहज घसरता येतं, पण बाहेर पडताना चढ चढावा लागतो. उंच गाडीचं नेमकं उलट.

माझ्या बहिणीने मोठ्या हौसेने उंच गाडी घेतली. तिची सीट माझ्या गादीपेक्षा तब्बल २० सेंटिमीटर वर होती. पहिल्याच दिवशी खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये टाकलेली सरकायची फळी तिरकी झाली, मी अर्ध्यावरून घसरले आणि खुर्ची नि गाडीचा उंबरठा यांच्या फटीत अडकले. दोघींनी मिळून मला बाहेर काढलं, काही झालं नाही असंच वाटलं. रात्री आरसा धरून पाहिलं, तर मांडीच्या मागची कातडी सोलवटली होती. ती जखम भरायला पाच आठवडे गेले, त्यातले बहुतेक मी पालथी झोपून काढले.

तेव्हापासून मी स्वतःची खुर्ची, स्वतःची गादी आणि स्वतःची फळी घेतल्याशिवाय गाडी पाहायला जात नाही. दार पूर्ण उघडून बघते. ते जितकं जास्त उघडेल, तितकी खुर्ची सीटच्या जवळ लागते. उंबरठा रुंद असला की मधली फट वाढते. सीटच्या कडा फुगीर असल्या की फळी नीट टेकत नाही. सीट पार मागे सरकवून पाय आत घ्यायचे आणि गुडघे कुठे अडतात ते पाहायचं. मग बाहेर यायचं आणि हे सगळं लगेच पुन्हा करायचं. दमलेल्या हातांनी दुसऱ्यांदा जमलं, तरच मी ती गाडी विचारात घेते.

आता खुर्ची कुठे ठेवणार? घडीची खुर्ची मिटवली तरी बरीच जागा खाते. काही खुर्च्यांची चाकं बटण दाबून निघतात, त्या डिकीत सोप्या बसतात. डिकीत गॅसची टाकी असेल तर तो विषयच संपला. मागच्या सीटवर खुर्ची नुसती टाकू नका, जोराचा ब्रेक लागला की ती पुढच्यांच्या पाठीवर येते. पट्ट्याने आवळून बांधा. बॅटरीची खुर्ची १०० किलोच्या पुढेही जाते, ती उचलायचा नाद सोडा आणि रॅम्प किंवा लिफ्ट असलेली गाडीच पाहा.

खुर्चीसकट आत जाणाऱ्यांनी जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजावी. दारातून मान वाकवून जावं लागत असेल, तर ती गाडी नको. रॅम्प मागून असेल तर गाडीच्या मागे आणि बाजूने असेल तर बाजूला मोकळी जागा लागते. रोज जिथे गाडी उभी राहते, ती जागा आठवून निवडा. आत तोंड पुढच्या दिशेलाच हवं, आडवं कधीही नको. खुर्चीला चार पट्टे लागतात, दोन पुढे, दोन मागे, आणि ते मूळ सांगाड्यालाच अडकवायचे. चाकांना नाही, खुर्चीच्या निघणाऱ्या हातांना किंवा फूटरेस्टला तर मुळीच नाही. माणसाचा सीटबेल्ट वेगळा, कमरेच्या हाडांवर आणि खांद्यावरून घट्ट बसणारा. खुर्चीचा स्वतःचा पट्टा फक्त सरळ बसवून ठेवतो, धडकेत तो वाचवत नाही. नवी खुर्ची घेत असाल तर ती आयएसओ ७१७६-१९ या, गाडीत सीट म्हणून वापरायच्या खुर्च्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेली आहे का, हे विचारा. त्यात खुर्ची ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेत तपासतात.

स्वतः चालवणार असाल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या आणि ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरचा हाताचा दांडा बसवून घ्या. तो दांडा गुडघ्याला लागत नाही ना, एवढं बसून बघा.

लांबच्या प्रवासात कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी पट्ट्याखाली दबलेली नाही ना, हे निघण्याआधी बोटांनी चाचपून घ्या. सीट गरम करायचं बटण असेल तर ते बंदच ठेवा. ज्या कातडीला चटका कळत नाही, ती तिथे भाजते. उन्हात तापलेल्या बकलचंही तसंच, तो मांडीला टेकू देऊ नका.

भाड्याची गाडी बोलावताना उंची, डिकी आणि टाकी हे तिन्ही फोनवरच विचारते. गाडी उंच निघालीच, तर ती फुटपाथला अगदी चिकटून उभी करायला सांगते आणि खुर्ची फुटपाथवर घेते. तेवढ्यानेच सीट आणि गादीतलं अंतर पुष्कळ कमी होतं. बुटकी असेल तर खुर्ची रस्त्यावरच ठेवते.